डाव्या गुडघ्याबाबत खुलासा

जयसिंग खराडे गोल्फ खेळतात, ही बातमी सगळ्यात शेवटी जयसिंग खराड्यांना कळली. सत्त्याण्णव सालची दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ते ऑफिसातून आले, शर्ट खुंटीला अडकवला, आणि तेजस्वीनं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं, चहाचा कप पुढं ठेवून सांगितलं की डिसेंबरच्या एकवीस तारखेला, रविवारी सकाळी सात वाजता, त्यांना गोल्फ खेळायला जायचंय.

"मी?" जयसिंगराव म्हणाले. "का बरं?"

कारण असं होतं. तेजस्वी ज्या कॉलेजात शिकवायची तिथंच संग्राम सरनोबत नावाचा मुलगा शिकवायचा, आणि दोघांनी एकमेकांशी लग्न करायचं ठरवलं होतं. इथवर खराड्यांच्या घरी माहीत होतं आणि मान्यही होतं. अडलं होतं ते संग्रामच्या वडिलांपाशी. कर्नल सरनोबत निवृत्त होऊन कोल्हापुरात राहिले होते खरे, पण आपण निवृत्त झालोय हे त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं नव्हतं. त्यांनी मुलीचं शिक्षण विचारलं नाही, पत्रिका विचारली नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "मुलीचे वडील काय खेळतात?" संग्राम इकडंतिकडं बघायला लागला. समोरच्या भिंतीवर वडिलांचा गोल्फची काठी खांद्यावर घेतलेला फोटो होता. तो बघून पोरगा बोलून गेला, "गोल्फ." या सगळ्या प्रकरणात कर्नलसाहेब तेव्हा पहिल्यांदा हसले म्हणे. "मग येऊ देत मैदानावर. माणूस नऊ भोकांत कळतो. पुढचं त्यानंतर बोलू."

"मग चुकून बोललो म्हणून सांगून टाकायचं की," जयसिंगराव म्हणाले.

"खोटं बोललेलं त्यांना चालत नाही, आण्णा. खोटं बोलले म्हणून सख्ख्या भावाशी चौदा वर्षं बोलत नाहीत ते." तेजस्वीचे डोळे भरले. "आता तुम्हीच काय ते बघा."

जयसिंगराव एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत हेडक्लार्क होते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खेळ म्हणून जे काही केलं ते स्नेहसंमेलनातल्या संगीत खुर्चीत, आणि तिथंही पहिल्या फेरीत बाद. पण लेकीचे डोळे भरलेले त्यांना बघवत नसत. पहिलीत असताना तिनं हत्ती मागितला होता, तेव्हाही त्यांनी चार ठिकाणी चौकशी केली होती.

दुसऱ्या दिवशी संग्राम खाली मान घालून आला. सोबत वडिलांनी टाकून दिलेली एक लोखंडी काठी होती आणि एक व्हिडिओ कॅसेट होती. "काका, मी एका मासिकात वाचलंय," तो म्हणाला. "चांगल्या खेळाडूची फिल्म आणि आपली फिल्म शेजारी शेजारी लावायची. एकाच वेळी चालवायची. जिथं फरक दिसेल तिथं दुरुस्त करायचं. कोचसुद्धा लागत नाही." कॅसेटमध्ये खुद्द कर्नलसाहेब होते, क्लबच्या कुठल्याशा स्पर्धेत एकामागून एक बारा फटके मारताना. क्लबनं ती भेट दिली होती आणि तिच्यावरचा रंगीत कागदसुद्धा अजून कुणी काढलेला नव्हता. परदेशातला एखादा नावाजलेला खेळाडू का नको, असं जयसिंगरावांनी विचारलं. संग्राम म्हणाला, "बाबांना स्वतःचा सोडून कुणाचाच स्विंग, म्हणजे काठी फिरवायची ढब, पटत नाही." हे बिनतोड होतं.

सराव गच्चीवर सुरू झाला. पहिल्या दिवशी चेंडू लावायचा नाही, नुसती काठी फिरवायची, असं ठरलं. काठी फिरली, हातातून सुटली आणि शेजारच्या बायडाबाईंच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फोडून आत गेली. बायडाबाई खालून ओरडल्या, "काय पडलं ओ?" जयसिंगरावांनी, सरकारी पत्रव्यवहाराच्या सवयीनं, "चौकशी चालू आहे" असं उत्तर दिलं. काठी काढायला टाकी रिकामी करावी लागली, आणि मंगळवार पेठेत टाकी रिकामी करणं ही खासगी गोष्ट नसते. तासाभरात अख्ख्या गल्लीला कळलं की खराडे काहीतरी खेळायला लागलेत आणि त्यावर पोरीचं लग्न अडलंय.

मग मैदान शोधणं आलं. जवळचं मैदान ज्या कचेरीच्या ताब्यात होतं तिथं ते अर्ज घेऊन गेले. अर्जात प्रयोजनाच्या रकान्यात कुस्ती, फुटबॉल, क्रिकेट, सभा आणि लग्नकार्य एवढेच पर्याय होते. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज उलटसुलट बघितला.

"गोल्फ बसत न्हाय ह्यात. लगीन लिवा की, लगीच मिळतंय."

"तसं ते लग्नासाठीच आहे," जयसिंगराव कळवळून म्हणाले.

"मग वराकडच्यांची संमती जोडा."

"ती मिळावी म्हणून तर मैदान पाहिजे."

"ती जोडल्याबिगर मैदान न्हाय." कारकुनानं अर्ज हळूच खिडकीबाहेर सरकवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लोभ नव्हता, काहीच नव्हतं. तो चेहरा जयसिंगरावांनी लगेच ओळखला. सत्तावीस वर्षं तो त्यांनी स्वतः वापरला होता. घरी येईपर्यंत त्यांना, आपण आजवर किती शिक्षकांना असं परत पाठवलं असेल, याचा हिशेब लागेना.

शेवटी आकाराम वस्तादांनी तालमीच्या मागची मोकळी जागा दिली. वस्ताद सत्तरीचे, कान चेपलेले, तीन गावांच्या जत्रांत मानाची कुस्ती केलेले. त्यांनी काठी हातात घेतली, तोलली आणि परत दिली. "ह्यानं कुणाला मारायचं असतंय?" चेंडूला, असं कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. तरी म्हणाले, "असू दे. पोरीचं काम हाय. कर."

आता फिल्म. पेठेत कॅमेरा म्हणजे धम्मपाल. अकरा वर्षं तो लग्नांचं शूटिंग करत होता, आणि माणूस मोठा मनापासून काम करणारा. त्यानं जयसिंगरावांचे बारा फटके घेतले; फक्त मधे मधे, सवयीनं, कॅमेरा जेवणाऱ्या पंगतीकडं वळावा तसा व्यायाम करणाऱ्या पोरांकडं वळत होता. मग दोन व्हीसीआर भाड्यानं आणले. एक टीव्ही खराड्यांचा, दुसरा बायडाबाईंचा. तो त्यांनी झाकण फुटलं तरी दिला, पण एका अटीवर. टीव्ही जिथं जाईल तिथं त्या जाणार. त्यामुळं पहिल्या प्रयोगाला बायडाबाई, त्यांची जाऊ, वस्ताद आणि तालमीतले चौघं हजर होते. डाव्या टीव्हीवर कर्नल, उजव्या टीव्हीवर जयसिंगराव. डावं बटण जयसिंगरावांनी दाबायचं आणि उजवं शालूबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्या दोघांनी एका वेळी एक पिशवी उचलली नाही, त्यांना ही दोन बटणं एका वेळी दाबता येईनात. कर्नलांचा फटका मारून व्हायचा तेव्हा जयसिंगराव पँट वर ओढत असायचे.

"तुमी लई दमानं दाबतायसा," शालूबाई म्हणाल्या.

"तू घाई करतियास."

दहाव्या खेपेला दोन्ही एकदम लागलं आणि तेवढ्यात वीज गेली.

वीज आल्यावर पुन्हा जमलं. सगळे पुढं सरसावून बघत होते. एका पडद्यावर उंच, ताठ कर्नलसाहेब, दुसऱ्यावर आपले जयसिंगराव. फरक इतका होता की कुठून दुरुस्त करायला घ्यावं हेच कळेना. जयसिंगरावांनी वहीत 'हात' असं लिहून खाली रेघ मारली.

"थांब," आकाराम वस्ताद म्हणाले. "परत लाव."

परत लावलं.

"हाताकडं काय बघतोयस, जयसिंग? हातात काय नसतंय. पायाकडं बघ. सायबाचा डावा गुडघा बघ की."

सगळ्यांनी बघितलं. काठी वर जाताना कर्नलसाहेबांचा डावा गुडघा अचानक मोडायचा. काठी खाली येताना ते एक बारकी उडी घ्यायचे आणि मान झटक्यानं बाजूला टाकायचे. बाराच्या बारा फटक्यांना तेच होतं. आता दुसऱ्या कुठल्या गावात हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण मंगळवार पेठेत माणसाची पारख खालून वर करतात. हार घातलेल्या पुढाऱ्याचा फोटो दिसला तरी इथली म्हातारी माणसं आधी त्याच्या पिंढऱ्या बघतात.

"ह्यो डाव हाय," वस्ताद ठामपणे म्हणाले. "गुडघा मोडून ताकद साठवायची, उडीसरशी सोडायची. तुझा पाय बघ, खांबागत हुबा. कसा लागायचा चेंडू?"

"व्हय की," बायडाबाई म्हणाल्या. "मी मगाशीच बघितलो. म्हटलं सांगावं का नको."

जयसिंगरावांनी वहीतलं 'हात' खोडलं आणि 'गुडघा' लिहिलं.

त्या दिवसापासून रोज पहाटे तालमीमागं शंभर वेळा गुडघा मोडणं सुरू झालं. शंभर उड्या आणि शंभर झटके. वस्ताद समोर पोत्यावर बसून मोजायचे. गुडघा कमी मोडला की तो फटका धरायचे नाहीत. दोन टीव्हींची कटकट बघून धम्मपालही हळहळला. "काका, दोन टीव्ही कशाला? एकातच दोघांना बसवून देतो की." आणि खरंच त्यानं दोन दिवसांत मिक्सिंग करून कॅसेट आणली. सुरुवातीला सनई वाजली. 'शुभविवाह' अशी अक्षरं गिरक्या घेत आली. मग गुलाबाच्या पाकळ्या पडल्या आणि पडद्यावर दोन लाल बदाम उमटले. डाव्या बदामात कर्नल सरनोबत, उजव्यात जयसिंग खराडे.

"हे काय रे?" जयसिंगरावांनी विचारलं.

"दोन माणसं शेजारी बसवायची म्हटली की मशीन एवढीच चौकट देतंय, काका. नवरा आन् नवरी."

"तुमी नवरीच्या जागी हाईसा," शालूबाईंनी माहिती पुरवली.

बदामाच्या आकारामुळं दोघांच्याही काठ्या वरून कापल्या गेल्या होत्या, पण खालच्या टोकात दोघांचे डावे गुडघे अगदी नेमके बसले होते. त्यामुळं सरावाला ती कॅसेट फारच सोयीची पडली. सनईच्या तालावर गुडघा मोडायचा, हे महिनाभरात जयसिंगरावांच्या इतकं अंगवळणी पडलं की ऑफिसात कपाटातली वरची फाईल काढतानाही ते उडी घ्यायला लागले. एकोणीस तारखेला धम्मपालनं जयसिंगरावांचे नवे फटके घेऊन उजव्या बदामात बसवले. वस्तादांनी दोन्ही बदाम डोळे बारीक करून बघितले आणि म्हणाले, "आता डावं-उजवं ठरवता येत न्हाय. जा."

एकवीस तारखेला शहराबाहेरच्या त्या माळावर जयसिंगराव पावणेसातला पोचले, आणि सातला पेठ पोचली. कुणी बोलावली नव्हती. टेंपोतून वस्ताद उतरले, बायडाबाई उतरल्या, तालमीतली पोरं उतरली आणि हलगी उतरली. मैदानाच्या राखणदारानं धावत येऊन ती बंद करायला लावली. इथं शिंकायचीसुद्धा चोरी असते म्हणे. पेठ कशीबशी गप्प उभी राहिली.

कर्नलसाहेब पांढरी टोपी घालून आले. हात मिळवला. "वेलकम, मिस्टर खराडे. तुमचे सपोर्टर्स बरेच आहेत." बोलणं चांगलं होतं, चालणं ताठ होतं. तेजस्वी आणि संग्राम लांब झाडाखाली उभे होते. कर्नलांनी पहिला चेंडू लावला. गुडघा मोडला, उडी, झटका; चेंडू उजवीकडच्या बाभळीत गेला. "वारा," कर्नल म्हणाले. माळावर एक पान हलत नव्हतं.

मग जयसिंगराव पुढं झाले. लेकीकडं एकदा बघितलं, मनातल्या मनात सनई सुरू केली आणि काठी उचलली. गुडघा असा मोडला की तसा आजवर कधी मोडला नव्हता. उडी सुरेख झाली. मान सपकन बाजूला गेली. आयुष्यात पहिल्यांदा चेंडू हवेत गेला आणि त्याच बाभळीत, त्याच फांदीखाली जाऊन पडला. पेठेला राहवलं नाही. शिट्ट्या झाल्या, हलगीवर एक थाप पडली.

कर्नलसाहेबांचा चेहरा तांबडा झाला होता. ते अगदी हळू बोलले. "मिस्टर खराडे, तुम्ही माझी नक्कल करताय?"

त्यांच्या लक्षात आलं, या आनंदानं जयसिंगरावांचा ऊर भरून आला. "होय साहेब. महिना झाला, तेच करतोय."

"रोज शंभर येळा," वस्तादांनी मागून साक्ष दिली. "गुडघा बघा की सायेब, कसा मोडतोय. तुमच्यापरास बरा."

कर्नलांनी काठी पिशवीत ठेवली, पिशवीची चेन लावली आणि ते मोटारीकडं चालत गेले. पहिलंच भोक अजून तीनशे पावलांवर होतं.

संध्याकाळी संग्राम आला आणि त्यानं सगळं सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत कर्नलांच्या डाव्या गुडघ्यात तोफगोळ्याचे तुकडे घुसले होते. दोन ऑपरेशनं झाली. पुन्हा चालता येणार नाही असं डॉक्टर म्हणाले, आणि हा माणूस नुसत्या हट्टावर ताठ चालायला लागला. घरात गुडघा हा शब्द कुणी काढायचा नाही, अशी पद्धत होती.

"मग हे आधी सांगायचं नाही का रे?" जयसिंगराव रडकुंडीला आले होते.

"माझ्या डोक्यातच आलं नाही, काका. मी लहानपणापासून बघतोय. मला ते दिसतच नाही."

जयसिंगराव भिंतीला टेकून खाली बसले. एका जखमी सैनिकाला शंभर माणसांसमोर चिडवून आलोय, तेही महिनाभर तालीम करून, हे त्यांच्या आता लक्षात आलं. तेजस्वी रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखा त्यांचा डबा भरून दिला आणि झाकण नीट लागलंय ना ते बघितलं. तेवढ्यानं त्यांनी तो डबा ऑफिसात दिवसभर उघडला नाही.

सल्ले येतच होते. बायडाबाई म्हणाल्या, "तुमचा बी गुडघा मोडलाय म्हणून सांगा. हवं तर मी प्लॅस्टर घालून आणतो." वस्तादांचं मत होतं की डाव खराच होता, साहेबालाच त्याची किंमत नाही. जयसिंगरावांनी कुणाचंच ऐकलं नाही. संकटात माणूस आपल्याला येतं तेच करतो. त्यांनी फुलस्केप कागद घेतला, डावीकडं समास सोडला आणि लिहिलं :

'विषय : दि. २१/१२/९७ रोजी डावा गुडघा मोडल्याबाबत खुलासा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर गुडघा कोणाचाही उपमर्द करण्याच्या हेतूने मोडण्यात आलेला नसून, सोबत जोडलेल्या कॅसेटमधील आपल्या गुडघ्याचे अवलोकन करून, तीच योग्य पद्धत असल्याच्या समजुतीने मोडण्यात आला आहे. अर्जदार गोल्फ खेळत नाही व कधीही खेळत नव्हता. चूक सर्वस्वी अर्जदाराची असून अर्जदाराच्या मुलीची नाही. सोबत : कॅसेट एक.'

मग तो खुलासा घेऊन ते स्वतः कर्नलांच्या बंगल्यावर गेले. कर्नलांनी उभ्यानं वाचला. दोनदा वाचला. मग कॅसेट संग्रामच्या हातात दिली.

सनई वाजली. शुभविवाह झालं. पाकळ्या पडल्या. जयसिंगरावांनी डोळे मिटून घेतले. सनई थांबली, तेव्हा त्यांनी एक डोळा उघडला. कर्नलसाहेब खुर्ची पुढं ओढून टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ बसले होते.

"परत लाव," ते म्हणाले. पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली.

"हा मी आहे?" त्यांनी डाव्या बदामावर बोट ठेवलं. "हे पायाला काय होतंय? संग्राम, हे असं नेहमी होतं?"

संग्रामनं फरशीकडं बघून मान डोलावली.

"गेली सव्वीस वर्षं? आणि कुणी बोललं नाही?"

"तुम्हाला सांगायचं कुणी?" आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

कर्नल मागं टेकले. सव्वीस वर्षं त्यांनी वाऱ्याला, काठ्यांना आणि चेंडूंच्या कंपनीला शिव्या घातल्या होत्या. पाय बरा झाला, कुणाला कळतसुद्धा नाही, अशी त्यांची खात्री होती. ते एकाएकी फार थकलेले दिसले, आणि जयसिंगरावांना वाटलं, आपण कॅसेट जोडायला नको होती.

मग कर्नलांनी उजव्या बदामाकडं बघितलं. "तुमचा खरंच जास्त चांगला मोडतो," ते म्हणाले. "हे तुम्ही महिन्यात शिकलात?"

"होय साहेब."

"मला विसरायचंय. किती दिवस लागतील?"

जयसिंगराव बोटांवर आठवडे मोजायला लागले.

"रविवारी सात वाजता या," कर्नल म्हणाले. "त्या कॅमेरावाल्याला आणा. शेजारी शेजारी उभं राहू. मी तुमचं बघतो, तुम्ही माझं बघा. दर रविवारी. मला तोंडावर सांगणारा माणूस पाहिजे, आणि खोटं बोलता येत नाही असं तुम्ही लेखी दिलंय." मग दाराशी आल्यावर, काहीतरी किरकोळ आठवल्यासारखं, "आणि लग्नाची तारीख काढा. फक्त रविवार नको."

सुटलो, असं जयसिंगरावांना वाटलं ते बंगल्याच्या फाटकापर्यंत. तिथं त्यांना 'दर' या शब्दाचा अर्थ लक्षात आला.

कर्नलांचा गुडघा सुधारला नाही. तो सुधारण्यातला नव्हताच. जयसिंगरावांचाही जाता जाईना. बावीस रविवार गेले. बाभळीत चेंडू साठत राहिले. मे महिन्यातल्या एका शनिवारी लग्न लागलं. व्याहीभेटीला दोघं हार घेऊन समोरासमोर आले, हात वर केले, आणि मांडवातल्या सगळ्यांच्या देखत दोघांचेही डावे गुडघे एकदम मोडले. दोघांनी एक बारकी उडी घेतली आणि मग गळाभेट झाली. आकाराम वस्तादांनी डोळे पुसले. धम्मपालनं विचारलं, "काका, एवढा भाग कापू का?" कर्नल म्हणाले, "अजिबात नाही. दोन्ही पाय दिसू देत."

मग जयसिंगरावांच्या पाठीवरचा हात न काढता ते त्यांच्या कानाशी म्हणाले, "उद्या रविवार आहे. सात वाजता."

तेवढ्यात तेजस्वी निघायला उभी राहिली. ती वडिलांच्या गळ्यात पडली आणि जयसिंगराव हमसून हमसून रडले. पाठवणीला बापानं रडायचंच असतं, त्यामुळं कुणी त्यांना कारण विचारलं नाही.